आकडा एकच : साहेबाच्या गाडीला सवलत, आपल्या बाईकला फटका

राजेहो, २०२५ साली रिटर्नची मुदत ३१ जुलैवरून १५ सप्टेंबरवर गेली, त्यामुळे निम्मं नागपूर तेव्हा सीएच्या दारात उभं होतं. तशा रांगेत असाल तर एक काम करा. कंपनीनं दिलेल्या फॉर्म १६ सोबत १२बीए नावाचा एक कागद असतो. तो कोणी वाचत नाही. त्यात गाडीची एक ओळ असते, ती वाचा. बहुतेकांची ती ओळ शून्य असेल. पण तुमच्या डायरेक्टर साहेबाच्या कागदावर त्या ओळीत किती आकडा असायचा, ते आज सांगतो. विषय रुक्ष आहे, पण पैसा आपला आहे. म्हणून शेवटपर्यंत वाचा.

समजा बुटीबोरीतल्या एखाद्या कारखान्याच्या मोठ्या मॅनेजरला कंपनीनं गाडी दिली. गाडी कंपनीची, पेट्रोल कंपनीचं, ड्रायव्हर कंपनीचा, विमा-सर्व्हिसिंग कंपनीचं. साहेब ती गाडी ऑफिसच्या कामालाही वापरतात आणि रविवारी रामटेकला बायकापोरांना घेऊनही जातात. कंपनीला सगळं मिळून महिन्याला ५० हजार खर्च येतो असं धरा. म्हणजे वर्षाला ६ लाख. हा पगाराचाच भाग झाला ना? रोख दिला नाही, चाकांवर दिला, एवढाच फरक.

पण २०२५ साली आयकर नियमावलीतला नियम ३ म्हणायचा, गाडीचं इंजिन १.६ लिटरपर्यंत असेल तर या सगळ्या सुखाची किंमत महिन्याला १,८०० रुपये धरा. ड्रायव्हर असेल तर आणखी ९००. झाले २,७००. इंजिन मोठं असेल तर १,८०० च्या जागी २,४००. गाडी ८ लाखांची की ५० लाखांची, महिन्यात ३० लिटर पेट्रोल जाळलं की ३००, नियमाला काही घेणंदेणं नव्हतं. साहेबाच्या उत्पन्नात वर्षाला ३२,४०० जमा व्हायचे. साहेब ३० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये असले तर सेस धरून टॅक्स १०,१०९ रुपये. हेच ६ लाख पगार म्हणून रोख दिले असते तर टॅक्स झाला असता १,८७,२०० रुपये. वर्षाला पावणेदोन लाखांच्या वर सूट, एका माणसाला, आणि ती कुठल्याही बजेटच्या भाषणात नव्हती.

आता त्याच कारखान्यातला इंजिनिअर घ्या. पगार १५ लाख. त्यातच महिन्याला १० हजार कार अलाउन्स. गाडी त्याची स्वतःची, हप्ता त्याचा, पंक्चर त्याचं. नवीन रिजिममध्ये या भत्त्यावर १५ टक्के आणि सेस, म्हणजे वर्षाच्या १ लाख २० हजारांवर १८,७२० रुपये टॅक्स.

परत वाचा. ६ लाखांची सोय घेणारा १०,१०९ भरायचा आणि १ लाख २० हजारांचा भत्ता घेणारा १८,७२०. हे चोरीचं नाही, सगळं कायदेशीर आहे. मला राग त्याचाच आहे.

कोणी म्हणेल, मग इंजिनिअरनं भत्ता न घेता बिलं लावावीत. लावली. गाडी स्वतःची आणि पेट्रोलची बिलं कंपनीनं भरली तर नियम काय म्हणायचा? खर्चातून १,८०० वजा करा, उरलेलं सगळं उत्पन्न. म्हणजे १० हजारांच्या बिलातले ८,२०० टॅक्सखाली.

इथंच खरी गोम आहे आणि ती मला कोणत्याही टीव्हीवरच्या टॅक्स एक्स्पर्टनं सांगितलेली नाही. १,८०० हा आकडा एकच होता, पण तो दोन बाजूंनी कापायचा. कंपनीची गाडी असेल तर तो उत्पन्नात *मिळवायचा* आकडा आहे, जितका लहान तितका साहेबाचा फायदा. स्वतःची गाडी असेल तर तो खर्चातून *वजा करायचा* आकडा आहे, जितका लहान तितकं तुमचं नुकसान. हा आकडा २००९ साली ठरला. त्याच्या आधी १,२०० होता. तेव्हा पेट्रोल पन्नाशीच्या आसपास होतं. २०२५ मध्ये नागपुरात शंभरीच्या वर होतं आणि आकडा तिथंच. सोळा वर्षं आकडा न हलल्यानं कोणाचं भलं झालं आणि कोणाच्या खिशातून गेलं, हे सांगायला सीए लागत नाही.

आणि हे तर चारचाकीचं झालं. दुचाकीवाल्याचं ऐका.

स्वतःच्या बाईकचं पेट्रोल कंपनी देत असेल आणि वापर थोडा कामाचा, थोडा घरचा असेल तर २०२५ साली वजावट होती महिन्याला ९०० रुपये. नऊशे! १०४ रुपये लिटरनं साडेआठ लिटरच्या वर काही येत नाही. ४५ चं अॅव्हरेज धरलं (ई-२० आल्यापासून तेही मिळत नाही अशी ओरड आहेच) तर महिन्याला ३९० किलोमीटर. २६ दिवसांनी भागा, रोजचे १५. एखादा एमआर नागपूरहून काटोलला तीनदा जाऊन आला की त्याचे नऊशे संपले. उमरेड, सावनेर, भिवापूर त्यानं स्वतःच्या हिमतीवर करायचं.

आता प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर कमेंटमध्ये येऊन सांगालच. वापर पूर्णपणे कामाचा असेल तर एक रुपयाही टॅक्स लागत नाही. पण त्यासाठी प्रत्येक फेरीची नोंद पाहिजे : तारीख, कुठं गेला, किती किलोमीटर, किती खर्च. वर कंपनीचं सर्टिफिकेट पाहिजे. तसंच कामावर फिरण्यासाठी दिलेला भत्ता प्रत्यक्ष खर्च होईल तेवढा माफ आहे, नवीन रिजिममध्येसुद्धा. कागदावर सगळं आहे. पण हे सर्टिफिकेट देतो कोण? मोठ्या कंपन्यांत सॉफ्टवेअर असतं, एचआर असतो. धंतोलीतल्या एखाद्या डिस्ट्रिब्युटरकडं किंवा आमच्यासारख्या पेपरच्या ऑफिसात एक अकाउंटंट असतो आणि तो टीडीएसच्या भीतीनं सगळा पेट्रोल भत्ता पगारात टाकून मोकळा होतो. मी एका ठिकाणी नोकरीत असताना, नाव कशाला घ्या, लॉगबुकचं विचारलं होतं. उत्तर मिळालं, ‘‘भाऊ, तुम्ही बातम्या लिहा, आम्हाला डायऱ्या तपासायला लावू नका.’’ त्याचंही बरोबरच होतं बिचाऱ्याचं. त्याला त्याचा पगार काही वाढून मिळणार नव्हता.

आणखी एक गंमत बघा. घर ते ऑफिस हा प्रवास. कंपनीची गाडी साहेबाला रामदासपेठेतून बुटीबोरीला नेते आणि परत आणते, तर कायदा स्पष्ट सांगतो की हा लाभ धरायचाच नाही. कामगारांना कंपनीची बस असेल तर तीही माफ, ते योग्यच आहे. पण नंदनवनचा माणूस स्वतःच्या बाईकनं त्याच बुटीबोरीला गेला आणि कंपनीनं त्याला पेट्रोलचे पैसे दिले, तर तो त्याचा खासगी प्रवास! रस्ता तोच, वर्धा रोड. गेट तेच. एकाचा प्रवास कामाचा आणि दुसऱ्याचा खासगी कसा, हे मला कोणी समजावून सांगा. बरं, मेट्रोनं जा म्हणाल, तर ती खापरीला संपते. बुटीबोरी पुढं आहे.

पूर्वी थोडी सोय होती. २०१५ पासून घर ते ऑफिसच्या जाण्यायेण्यासाठी महिन्याला १,६०० रुपये ट्रान्सपोर्ट अलाउन्स सगळ्या पगारदारांना माफ होता. वर्षाचे १९,२००. २०१८ च्या बजेटमध्ये अरुण जेटलींनी तो काढला, सोबत औषधांच्या बिलाची १५ हजारांची सूटही काढली, आणि बदल्यात ४० हजारांची स्टँडर्ड डिडक्शन दिली. ३४,२०० काढून घेऊन ४० हजार दिले, म्हणजे ५,८०० चा फायदा, आणि त्याच बजेटमध्ये सेस ३ चा ४ टक्के केला. आज नवीन रिजिममध्ये ही डिडक्शन ७५ हजार आहे. वाढली, नाकारत नाही. पण ती सगळ्यांना सारखी आहे. घरून काम करणाऱ्यालाही ७५ आणि रोज साठ किलोमीटर गाडी हाकणाऱ्यालाही ७५. कंपनीची गाडी वापरणाऱ्या साहेबालाही ७५, वर ते दोन हजार सातशेचं प्रकरण होतंच.

‘‘पण १२ लाख ७५ हजारांपर्यंत टॅक्सच नाही, मग बाईकवाल्याला कशाचं दुःख?’’ हा प्रश्न येणार. बरोबर प्रश्न आहे. पंचवीस-तीस हजार कमावणाऱ्याला इन्कम टॅक्स लागत नाही, त्यामुळे त्याचे नऊशे काय आणि नऊ हजार काय. पण तो पेट्रोल पंपावर टॅक्स भरतोच, केंद्राचा एक्साइज आणि राज्याचा व्हॅट दोन्ही, आणि तिथं स्लॅब नसतो. मार बसतो तो त्याच्या वरच्याला. सीनिअर एमआर, एरिया मॅनेजर, बँकेचा रिकव्हरीवाला, कोराडीचा इंजिनिअर, जुन्या रिजिममध्ये होम लोनमुळं अडकलेला प्राध्यापक. हा माणूस ना साहेब ना मजूर. शेजारचा दुकानदार गाडीचं पेट्रोल धंद्याच्या खर्चात टाकतो आणि पगारदार खिशातून भरतो, वर भरलेल्या पगारावर आधीच टॅक्स कापलेला असतो.

सरकारी बाजूला तर हा फरक अजून उघडा दिसतो. केंद्र सरकारमध्ये लेव्हल १४ आणि वरच्या, सरकारी गाडीचा हक्क असलेल्या अधिकाऱ्याला पर्याय आहे : गाडी वापरा, नाहीतर महिन्याला १५,७५० अधिक महागाई भत्ता घ्या. २०२५ च्या पूर्वार्धातल्या ५५ टक्क्यांनी ते २४,४१२ व्हायचे. रोख घेतले तर पूर्ण टॅक्सेबल. सरकारी गाडीनं घर-ऑफिस केलं तर तो लाभच नाही. कोण रोख घेईल? आणि डिसेंबरमध्ये आपल्याकडं अधिवेशनाला येणाऱ्या आमदारांचा दैनिक भत्ता आणि मतदारसंघ भत्ता जुन्या रिजिममध्ये करमुक्त आहे, त्यांना लॉगबुक कोणी मागत नाही. नियम बनवणाऱ्यांना पेट्रोलचा भाव का कळत नाही, याचं उत्तर यातच आहे.

जगात हे असंच असतं असं नाही. जर्मनीत कंपनीची गाडी खासगी कामाला वापरली तर गाडीच्या यादीतल्या किमतीच्या १ टक्का रक्कम दर महिन्याला उत्पन्नात धरतात, घर-ऑफिसच्या अंतराचं वेगळं. त्या हिशेबानं आपल्याकडच्या १५ लाखांच्या गाडीचे महिन्याला १५ हजार झाले असते, १,८०० नाही. आणि तिथं स्वतःच्या खर्चानं कामावर जाणाऱ्याला २०२५ साली किलोमीटरमागं ३० सेंट वजावट मिळत होती, विसाव्या किलोमीटरच्या पुढं ३८. इंग्लंडमध्ये स्वतःची कार ऑफिसच्या कामाला वापरली तर पहिल्या दहा हजार मैलांपर्यंत मैलाला ४५ पेन्स करमुक्त, मोटरसायकलला २४. कुठलीही पद्धत परिपूर्ण नाही, पण निदान किंमत आणि अंतर मोजतात. आपण इंजिनाचे लिटर मोजतो. इलेक्ट्रिक गाडीला तर सीसीच नसते, २००९ च्या आकड्यांत तिचा विचारच नाही, आणि गडकरी साहेबांच्या गावात तीच गाडी घ्या म्हणून सांगतात.

सोपा नियम पाहिजे म्हणून ठोक आकडा ठेवला, हा बचाव मी ऐकलेला आहे. मान्य, सोपेपणाला किंमत आहे. साहेबानं किती वेळा बायकोला मार्केटला नेलं हे आयकरवाल्यांनी मोजत बसू नये. पण ठोक आकडा गोठवलाच पाहिजे असं कुठं आहे? गाडीच्या किमतीचा टक्का हाही ठोकच असतो. बाईकला किलोमीटरमागं ठरावीक रुपये हेही ठोकच, आणि लॉगबुकपेक्षा सोपं.

आणि आकडे हलवता येतात, हे सरकारनंच दाखवलं. कोणत्या कर्मचाऱ्याला दिलेल्या सोयी टॅक्सखाली येतात याची ५० हजार पगाराची मर्यादा कित्येक वर्षं पडून होती, ती २०२५ च्या ऑगस्टमध्ये ४ लाख केली. मनात आलं की होतं.

म्हणून हा विषय. नवा आयकर कायदा २०२५ ऑगस्टमध्ये संसदेत पास झाला, १ एप्रिल २०२६ पासून लागू झाला. कायदा नवा म्हणजे नियमावलीही नवी लिहावी लागणार होती. नियम ३ ची जागा घेणारा नियम कोणीतरी टाईप करणारच होतं. त्यात १,८०० चे नुसते पाच हजार केले तरी दोन्हीकडं फरक पडणार होता, साहेबाचा टॅक्स वाढणार होता आणि स्वतःच्या गाडीवाल्याचा कमी होणार होता. भीती वेगळीच होती. कंपनीच्या गाडीवाल्यांची संघटना असते, त्यांचे सल्लागार दिल्लीत असतात. बाईकवाल्यांच्या नऊशेचं कोणी बोलणार नाही आणि तो आकडा जसाच्या तसा नव्या कागदावर उतरेल, ही ती भीती. आपल्याकडं मारबतीला दरवर्षी कशाकशाचे बडगे निघतात, महागाईचे, भ्रष्टाचाराचे. नऊशेचा बडगा मी तरी कधी बघितला नाही.

देशभरातले आयकर अधिकारी शिकायला कुठं येतात माहीत आहे ना? आपल्याच छिंदवाडा रोडवर, राष्ट्रीय प्रत्यक्ष कर अकादमीत. तिथल्या गेटपासून बुटीबोरीपर्यंत एकदा बाईकनं जाऊन यावं, एवढीच माझी त्यांना विनंती आहे. येताना पंपावर थांबून बिल घ्यावं.

आता काम. एमआर संघटनेतले, बँकेतले, वीज कंपनीतले, शिक्षक संघटनेतले जे कोणी हे वाचत आहेत, त्यांनी आपापल्या संघटनेच्या लेटरहेडवर अर्थ मंत्रालयाला आणि आपल्या खासदाराला पत्र लिहा. दोन मुद्दे पुरेत : दुचाकीची वजावट किलोमीटरवर आणा आणि कंपनीच्या गाडीचं मूल्य गाडीच्या किमतीला जोडा. मसुदा पाहिजे असेल तर कमेंटमध्ये ‘पत्र’ लिहा, मराठीत करून देतो. आणि ज्यांच्या १२बीएमध्ये पेट्रोलचे पैसे टॅक्सखाली आले असतील त्यांनी नाव, पॅन, कंपनी काळं करून फोटो इनबॉक्सला पाठवा. दहा-बारा जमले की पुढची पोस्ट त्या कागदांवर करतो.