आम्ही नाही ‘मिस’ करत!

‘मिस करणे’ या क्रियापदावर माझा जुना राग आहे. आमच्या घरातली पोरं कुणी पुण्याला, कुणी टोरांटोला गेली आणि सगळ्यांचं एकच सुरू झालं, "आज्जी, तुला खूप मिस करतो." प्रेम खरं आहे, शंकाच नाही. पण वर "मराठीत याला शब्दच नाही गं" असं कुणी म्हटलं, की माझ्यातल्या शाळेतल्या बाई जाग्या होतात.

मंडळी, आधी इंग्रजीचंच बघू. ‘मिस’ म्हणजे मुळात नेम चुकणे. ‘बेओवुल्फ’ या जुन्या इंग्रजी काव्याचं हस्तलिखित इ.स. १०००च्या आसपासचं. त्यात एका राजपुत्राचा बाण नेम चुकून सख्ख्या भावालाच लागतो, तिथे हेच क्रियापद आहे. कुणाच्या नसण्याने जीव हुरहुरणे हा अर्थ त्याला कितीतरी नंतर, शतकं उलटल्यावर चिकटला. (वर्गातली ‘मिस’ वेगळी. ती ‘मिस्ट्रेस’चा तुकडा!)

आता आपलं ‘चुकणे’ घ्या. नेम चुकतो, गणित चुकतं, नाशिकरोडला पंचवटी चुकते, सिंहस्थाच्या गर्दीत रामकुंडावर चुकामूक होते, मरण तर कुणालाच चुकत नाही. आणि घरातलं माणूस गेलं की ‘चुकल्याचुकल्यासारखं’ वाटतं. इंग्रजी ज्या वाटेने गेली त्याच वाटेने मराठीही गेली आहे. मग उसनवारी कशाला?

‘मिस्ड कॉल’ला माझा विरोध नाही. फोन बाहेरून आला, येताना आपलं नाव घेऊन आला. हुरहूर काय बाहेरून आली?

खरं भांडण व्याकरणाचं आहे. ‘मी तुला मिस करते’ यात कर्ता मी, जशी मी भांडी घासते तशी. ‘तुझी आठवण येते’ यात कर्ता आठवण. ती न बोलावता येते. हे जाऊन सहा वर्षं झाली. मी त्यांना मिस वगैरे काही करत नाही. संध्याकाळी चहाला दोन कप पाणी टाकलं जातं, आणि मग चुकल्याचुकल्यासारखं होतं. यात मी काय ‘केलं’, सांगा बरं?

असो. पोरांनो, एकदा ‘तुझ्याशिवाय करमत नाही’ असं म्हणून बघा. म्हणताना जरा जड जाईल. जाऊ दे.