गाडी पोरगा लावतो, चलान बापाला येतं! कॉलेजच्या गेटवरच्या पार्किंगचं गणित काय?

बीड : बारावीचा निकाल लागला की जिल्ह्यातली पोरं पुणे आणि छत्रपती संभाजीनगरची वाट धरतात. खोली कॉलेजपासून लांब, रोजची रिक्षा परवडत नाही, म्हणून दोन-चार महिन्यांत घरची मोटारसायकलही मागोमाग जाते. गाडी एमएच २३ पासिंगची, कागद वडिलांच्या नावावर आणि आरटीओत नोंदवलेला मोबाईल नंबर कधीचाच बंद पडलेला. घोळ इथूनच सुरू होतो. चलान फाटतं शहरात आणि त्याचा पत्ता लागतो तो दोन वर्षांनी, गाडी विकायला काढल्यावर.

विद्यापीठाच्या किंवा कॉलेजच्या आवारात पार्किंगचा दंड झाला, असं पोरगं फोनवर सांगतं तेव्हा पहिला प्रश्न एकच विचारायचा: दंड कुणी केला? कारण गेटच्या आत एक कारभार चालतो आणि गेटच्या बाहेर दुसरा. दोन्हीकडे पैसे जातात, पण नियम वेगळे आणि परिणामही वेगळे.

गेटच्या आत संस्थेचा नियम चालतो. स्टिकर किंवा ओळखपत्र असेल तरच गाडी आत, दुचाकीचा स्टँड वेगळा, प्राध्यापकांची जागा वेगळी, काही ठिकाणी विद्यार्थ्यांची गाडी गेटजवळच्या स्टँडच्या पुढे जाऊच द्यायची नाही. हे सगळं संस्था आपल्या अधिकारात ठरवते. चुकीच्या जागी गाडी दिसली की चाकाला जॅमर बसतो किंवा पावती फाटते. हा दंड संस्थेचा अंतर्गत दंड असतो. तो आरटीओच्या नोंदीत जात नाही, गाडीच्या कागदावर चढत नाही. मात्र भरला नाही तर कॉलेजात कागद अडू शकतो, म्हणून तो हसण्यावारी नेण्यात अर्थ नाही.

पण सिक्युरिटी गार्ड म्हणजे पोलीस नव्हे. मोटार वाहन कायद्याखाली तडजोडीचा दंड घ्यायचा अधिकार सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्यालाच असतो. लायसन जप्त करण्याचा अधिकारही पोलीस किंवा सरकारने अधिकार दिलेली व्यक्ती यांनाच आहे. गार्डने लायसन किंवा आरसी ठेवून घेतो म्हटलं तर पोराने भांडत बसू नये, पण कागदही देऊ नये. सरळ कॉलेजच्या ऑफिसात जावं. पैसे भरायचे तर संस्थेच्या नावाची छापील किंवा ऑनलाइन पावती घेऊनच. पावतीशिवाय दिलेल्या शंभर-दोनशेचा हिशेब नंतर कुणीच देत नाही.

आतला दंड तसा सोसवण्यासारखा असतो. खरा मार बसतो गेटच्या बाहेर. स्टिकर मिळालेलं नाही, आतला स्टँड भरलेला, तासाची वेळ झालेली. पोरगं गाडी गेटशेजारी लावून पळतं. आजूबाजूला आणखी पन्नास गाड्या उभ्या असतात, ‘नो पार्किंग’चा बोर्ड कुठे दिसत नाही, म्हणजे चालतंय, असा समज होतो. हा समज चुकीचा आहे. फाटक, चौक, वळण, झेब्रा पट्टे, फुटपाथ, बस थांबा, शाळा-दवाखान्याचं प्रवेशद्वार या ठिकाणी किंवा त्यांना अडचण होईल अशी गाडी लावायला देशभर मनाई आहे. रस्त्याच्या नियमांत ते १९८९ पासून आहे आणि २०१७ मध्ये आलेल्या नव्या वाहनचालन नियमांतही कायम आहे. बोर्ड नसला तरी नियम असतोच. अंबाजोगाईचं स्वाराती असो की संभाजीनगरची घाटी, तिथे मेडिकल कॉलेज आणि दवाखाना एकमेकांना लागून. तिथल्या गेटवर आडवी लावलेली एक मोटारसायकल ॲम्ब्युलन्सला अडवू शकते. तेव्हा हा नियम काही उगाच केलेला नाही.

पुण्यात आणखी एक भानगड आहे. बऱ्याच रस्त्यांवर पी-१, पी-२ असे बोर्ड असतात. सम तारखेला एका बाजूला गाडी लावायची, विषम तारखेला दुसऱ्या. काल जिथे लावलेली चालली तिथेच आज उचलून नेतात ते यामुळेच. गावाकडून नव्याने गेलेल्या पोरांना हे कुणी सांगत नाही, पहिलं चलान फाटल्यावरच कळतं.

दंड किती? डिसेंबर २०२१ पासून राज्यात वाढीव दर लागू झाले. कलम १७७ खाली पहिल्या वेळी ५०० रुपये आणि तोच गुन्हा पुन्हा झाला तर १,५०० रुपये. गाडी टोइंग करून नेली तर उचलण्याचा खर्च वेगळा. रोज त्याच गेटवर गाडी लावणाऱ्याच्या नावावर महिनाभरात किती साचेल, याचा हिशेब घरी बसूनही करता येतो. सोयाबीनच्या एखाद-दुसऱ्या कट्ट्याचे पैसे एका बेशिस्त पार्किंगमध्ये जातात.

आता पोलीस पावती हातात देतीलच असं नाही. गाडीचा फोटो काढतात आणि ई-चलान तयार होतं. ते जातं गाडी ज्याच्या नावावर नोंदलेली त्याच्याकडे. गाडी कोण चालवत होतं, हे फोटोत दिसो न दिसो, पहिली विचारणा मालकालाच होते आणि चालवणाऱ्याची माहिती देणं कायद्याने मालकावर आहे. म्हणजे पोरगा पुण्यात, गाडी पुण्यात आणि नोटीस आष्टी तालुक्यातल्या एखाद्या वाडीवर. मोबाईल नंबर जुना असेल तर मेसेजही पोहोचत नाही. सेकंडहँड घेतलेल्या गाडीचं तर विचारूच नका. नाव ट्रान्सफर न करता वर्षानुवर्षं गाड्या फिरवायची आपल्याकडे रीतच आहे. कायदा सांगतो की घेणाऱ्याने ३० दिवसांत गाडी नावावर करायला अर्ज करावा. तो केला नाही, तर नव्या मालकाच्या पोराचं चलान जुन्या मालकाच्या घरी जातं आणि शेवटी भांडण गावातच होतं.

म्हणून पोराच्या मागे गाडी पाठवण्याआधी दोन कामं करावीत. आरटीओच्या नोंदीत चालू मोबाईल नंबर टाकून घ्यावा. परिवहनच्या वेबसाईटवर किंवा ऑनलाइन सेवा केंद्रावर ते होतं. आणि आरसी, विमा, लायसन डिजिलॉकर किंवा एमपरिवहन ॲपमध्ये ठेवावं, तिथली प्रत तपासणीत चालते. पुढे महिन्यातून एकदा महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलान संकेतस्थळावर गाडीचा नंबर आणि चेसिस किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे टाकून पाहावं. फोटो, तारीख, जागा सगळं दिसतं. गाडी आपली नसेल, नंबर चुकीचा वाचला असेल तर तिथेच तक्रार नोंदवायची सोय आहे. फोटो न बघता पैसे भरून टाकणारे बरेच आहेत, तसं करू नये.

थकलेली चलानं राष्ट्रीय लोकअदालतीत काढली जातात. तिथे तडजोड होते, पण सवलत मिळेलच या भरवशावर दंड साठवत जाणं हा धंदा परवडणारा नाही.

अकरावी-बारावीच्या पोरांबाबत मात्र गोष्ट दंडावर थांबत नाही. अठरा वर्षांखालच्या मुलाने गिअरची गाडी चालवताना गुन्हा केला तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर पालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीची नोंदणीही वर्षभरासाठी रद्द होते. ज्युनिअर कॉलेजच्या स्टँडवर उभ्या असलेल्या कितीतरी गाड्या यात बसतात, हे सगळ्यांना माहीत आहे आणि कुणीच बोलत नाही.

यात सगळा दोष पोरांचा आहे असंही नाही. कॉलेजं दरवर्षी जागा वाढवून प्रवेश देतात, फी घेतात, स्टँड मात्र जुनाच राहतो. खेड्यातून येणाऱ्या मुलाला दुचाकी ही चैन नसते. शेवटची एसटी कधी सुटते त्यावर त्याचं प्रॅक्टिकल अवलंबून असतं. प्रवेशाच्या वेळी माहितीपत्रकात हॉस्टेल, लायब्ररी, कॅन्टीन सगळं छापतात. गाडी कुठे लावायची, स्टिकर कुठून मिळतं आणि दंड किती, या तीन ओळी छापायला काय हरकत आहे? पालकांनी प्रवेश घेतानाच हे विचारावं आणि स्टिकरचा अर्ज त्याच दिवशी भरून टाकावा.

एक सावधगिरी मात्र आजच घ्यायला हवी. ‘तुमच्या गाडीचं चलान थकलं आहे’ असा व्हॉट्सॲप मेसेज आणि सोबत ‘आरटीओ चलान’ नावाची एपीके फाईल फिरते. ती उघडली की मोबाईलचा ताबा जातो आणि बँक खातं रिकामं होतं. खरं चलान बघायला कुठलीही फाईल इन्स्टॉल करावी लागत नाही. पोरगा शहरात गाडी घेऊन गेलेला असला की असा मेसेज खरा वाटतो, आणि ठगांना तेच हवं असतं. फाईल उघडली गेली असेल तर लगेच मोबाईलचं इंटरनेट बंद करून दुसऱ्या फोनवरून बँकेला आणि १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करावा.