ऑनसाइट, गुरुजी?

चाकणच्या कंपनीतला माझा एक मित्र ट्रेनिंगला जर्मनीला निघालाय. व्हिसा, तिकीट, भत्ता, सगळं एचआर बघणार. निगडीत पार्टीही झाली. त्याची शिक्षिका बायको म्हणाली, ‘‘मला असं बोलावणं आलं तर आधी रजेचा अर्ज!’’

मला डिसले गुरुजी आठवले. परितेवाडीच्या झेडपी शाळेत पुस्तकांना क्यूआर कोड जोडणारे, २०२०चं ग्लोबल टीचर प्राइझ जिंकणारे. दहा लाख डॉलर, त्यातले निम्मे इतर फायनलिस्टना वाटले! (आपण बोनसमधून समोसे आणतो.) फुलब्राइटवर अमेरिकेला जायचं, तर जानेवारी २०२२ मध्ये त्यांचीच रजा अडकली. शेवटी शिक्षणमंत्री मध्ये पडल्या.

हिच्यासाठी कोण पडणार? तिनं नवऱ्याला बजावलंय, ‘‘तिथल्या शाळेत डोकाव. फळ्याच्या जागी काय लावतात, फोटो आण.’’