संगणक जोडून घेताना

जयनगरमधल्या एखाद्या मराठी घरात मुलीला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला, की पेढ्यांपाठोपाठ संगणकाचा विषय निघतोच. तयार संगणकापेक्षा सुटे भाग घेऊन जोडून घ्या, स्वस्त पडतो, असे शेजारी सुचवतात. मग बापलेक मेट्रोने चिकपेटला उतरतात आणि चालत एस. पी. रोड गाठतात. सदर पत्रप्पा रोड हे त्याचे पूर्ण नाव. दुकानाला दुकान लागलेले, आणि काउंटरवरचा पहिला प्रश्न ठरलेला, "प्रोसेसर कोणता?"

फसगत इथूनच सुरू होते. ठरवलेल्या रकमेतला मोठा वाटा प्रोसेसरवर जातो, बाकीचे भाग उरलेल्या पैशांत कसेबसे बसवले जातात. घरी आल्यावर यंत्र रखडते. समजा, एका कामाला 40 सेकंद लागतात. त्यातले 30 डिस्कवरून माहिती येण्यात जातात आणि 10 प्रोसेसरच्या कामात. प्रोसेसर दुप्पट वेगाचा आणला, तरी वाचतात जेमतेम 5 सेकंद! जीन अम्डाल या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने 1967 साली याच जातीचा हिशेब मांडला होता.

म्हणून आधी डिस्ककडे पाहावे. फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क सेकंदाला साधारण 150 मेगाबाइट माहिती देते. साधी एस.एस.डी. 500 च्या आसपास, तर एन.व्ही.एम.ई. प्रकारची काही हजार. विंडोज आणि रोजचे प्रोग्रॅम एस.एस.डी.वर ठेवावेत, घरातली जुनी हार्ड डिस्क लग्नामुंजीच्या फोटोंना पुरे.

रॅम 16 जीबी असावी, आणि शक्यतो 8-8 च्या दोन पट्ट्यांत. दोन वाटांनी माहिती आली की वेग वाढतो. वेगळे ग्राफिक्स कार्ड घेणार नसाल, तर हा फरक विशेष जाणवतो, कारण चित्रासाठीही तीच रॅम वापरली जाते. मुलीला त्रिमितीय आराखडे काढायचे असतील, तर मात्र कार्डासाठी पैसे बाजूला ठेवावेत. नुसते प्रोग्रॅमिंग शिकायचे असेल, तर त्यावाचून अडत नाही. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाअखेरीस 'एफ' असते, त्यात अंगचे ग्राफिक्स नसते. कार्डाशिवाय तो घेतला, तर पडदा काळाच राहतो. मदरबोर्ड डी.डी.आर.4 चा आणि रॅम डी.डी.आर.5 ची, ही जोडीही जमत नाही. खाचच वेगळी असते.

सर्वांत जास्त काटकसर होते ती पॉवर सप्लायवर. दिसत नाही, वेग वाढवत नाही, मग कशाला पैसे घालायचे? पण हलका पॉवर सप्लाय जळताना कधीकधी मदरबोर्डही सोबत नेतो. नामांकित कंपनीचा, '80 प्लस'चा शिक्का असलेलाच मागावा.

या रस्त्यावर जुना मालही मिळतो आणि भाव ऐकून मोह होतो. मात्र विंडोज 10 ला मिळणारा मोफत आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला, आणि विंडोज 11 ला आठव्या पिढीच्या आधीचे इंटेल प्रोसेसर, थोडे अपवाद सोडता, चालत नाहीत. तेव्हा पिढी विचारूनच भाव करावा.

बिलाविना थोडे कमी करतो, असे कुणी म्हटले तर बापाने ऐकू नये. 18 टक्के जीएसटी जड वाटतो खरा, पण वॉरंटीच्या वेळी पक्के बिलच दाखवावे लागते. जोडलेला संगणक दुकानातच सुरू करून पाहावा, रॅम आणि डिस्कचे आकडे पडद्यावर वाचावेत, आणि मगच खोके रिक्षात चढवावे.