घरगुती कारखान्यातील हुनराला वाली कोण?

सिनेमात पाहिलेली मोटार घराच्या अंगणात जशीच्या तशी, पूर्ण मापाची उभी करायची, असा ध्यास घेतलेली मुले आज गावोगाव आढळतात. जुळे सोलापुरात एखाद्या बंगल्याच्या पोर्चमध्ये वेल्डिंगच्या ठिणग्या उडू लागल्या की शेजारी तक्रार करतात आणि घरचे लोक 'रिकामे उद्योग' म्हणून कपाळाला हात लावतात. आम्ही कापडाचे व्यापारी. लोखंडाशी आमचा संबंध दुकानाच्या शटरपुरता. तरीही या 'रिकाम्या उद्योगा'बद्दल चार शब्द लिहिणे आम्हाला गरजेचे वाटते. त्यात कारीगराची रोजी आहे, आणि त्यात एका तरुणाचा जीवही गेलेला आहे.

'३ इडियट्स' हा चित्रपट २००९ साली आला. त्यात स्कूटरवर बसवलेली पिठाची चक्की सर्वांनी पाहिली. ती सिनेमावाल्यांच्या डोक्यातून निघालेली नव्हती. जळगावचे रंगकाम करणारे कारीगर जहांगीर पेंटर यांनी ती आधीच बनवली होती. वीज जायची आणि दळण अडायचे, म्हणून स्कूटरच्याच इंजिनावर चक्की फिरवण्याची युक्ती त्यांनी काढली. अहमदाबादच्या राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानाने तिची नोंद घेतली आणि पुढे ती पडद्यावर झळकली. म्हणजे येथे गाडी कारीगराच्या हातून सिनेमात गेली.

उलट प्रवास यवतमाळ जिल्ह्यात झाला. महागाव तालुक्यातील फुलसावंगीचा शेख इस्माईल, ज्याला गाव मुन्ना म्हणत असे, हा जेमतेम आठवीपर्यंत शिकलेला, पत्र्याची कपाटे आणि कूलर बनवणारा तरुण. त्याच सिनेमातील रांचोने त्याला भारून टाकले होते, असे तेव्हा वर्तमानपत्रांत छापून आले. मारुती ८०० चे इंजिन लावून त्याने स्वतःच्या हाताने हेलिकॉप्टर उभे केले. ऑगस्ट २०२१ मध्ये जमिनीवरच चाचणी चालू असताना पंख्याचे पाते तुटले आणि त्यात हा २४ वर्षांचा कारीगर दगावला. दुसऱ्या दिवशी साऱ्या देशाने त्याच्या हुनराची तारीफ केली. ती तारीफ त्याच्या काय कामाची?

आमच्या पॉवरलूमवर धोटा उडून कोणाला लागू नये म्हणून गार्ड बसवतात. तो गार्ड विणकराच्या हुनरावर अविश्वास दाखवण्यासाठी नसतो. फिरणारी वस्तू कधी ना कधी सुटणार, हे धंद्याने रक्त सांडून शिकलेले असते. एकट्याने घरात काम करणाऱ्या मुलाच्या पाठीशी असा जाणता धंदा नसतो. त्याच्याजवळ मोबाईलवरचे व्हिडिओ असतात, पण "पोरा, त्या पात्याच्या रेषेत उभा राहू नकोस" असे खडसावणारा उस्ताद नसतो. खरी उणीव ही आहे. मुंबईत कांदिवलीचे अमोल यादव यांनी इमारतीच्या गच्चीवर विमान बांधले. ते स्वतः शिकलेले वैमानिक, तरीही सरकारी नोंदणी हाती पडायला २०१७ साल उजाडले. तेव्हा हवेत उडणारी वस्तू हे घरच्या घरी आजमावण्याचे काम नव्हे, हे आम्ही स्पष्टच सांगतो.

चार चाकांची गाडी मात्र वेगळी गोष्ट आहे. सिनेमातील मोटारीची पूर्ण मापाची नक्कल करायची तर आधी जुन्या गाडीची चासी घ्यावी लागते. मूळ गाडीची मापे हाती नसतात. मग फोटोतील टायर धरून हिशेब मांडतात, कारण टायरचा आकार ठाऊक असतो. प्लायवूडचे साचे कापायचे, त्यावर फोम चढवून आकार घडवायचा, फायबरचे कापड आणि रेझिन लावायचे, पुटी, घासाई आणि शेवटी रंग. वेल्डर, सुतार, फायबरवाला, डेंटर, पेंटर, वायरमन आणि सीटकव्हरवाला अशा सात धंद्यांचे काम एका अंगणात होते. जो मुलगा अशी एक गाडी पुरी करतो, तो सात उस्तादांचा शागीर्द होऊन बाहेर पडतो. याला रिकामा उद्योग म्हणणे आम्हाला पटत नाही.

काही बंधू विचारतील, नक्कल करण्यात कसला हुनर? आम्ही उर्दू शाळेत तख्तीवर उस्तादांचे अक्षर गिरवूनच लिहायला शिकलो. सोलापूरच्या जेकार्ड मागावरचा कारीगरही आधी जुनी नक्षी आलेखाच्या कागदावर उतरवतो, मग स्वतःची काढतो. नकलेने हात बसतो. मात्र गिरवलेल्या अक्षराखाली कोणी उस्तादांची सही करत नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील मार्क टौल हा गॅरेजवाला बॅटमॅनच्या मोटारीच्या प्रतिकृती बनवून सुमारे ९० हजार डॉलरला एक या दराने विकत असे. २०१५ साली तेथील अपील न्यायालयाने ठरवले की ती मोटार म्हणजे सिनेमातील पात्राप्रमाणेच मूळ मालकाच्या हक्काची आहे, आणि टौल हरला. यात आम्ही सोलापूरकरांनी नवल मानू नये. आमच्या चादरीला भौगोलिक मानांकन आहे. बाहेरचा माल 'सोलापुरी' म्हणून विकला गेला की आमचे पित्त खवळते. दुसऱ्याच्या मालाला तोच न्याय लावावा लागतो. शिकण्यासाठी नक्कल करा, विकायला स्वतःची रचना काढा.

दुसरा अडसर रस्त्याचा. सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे गावचे दत्तात्रय लोहार यांनी भंगारातून सुमारे ६० हजार रुपयांत छोटी जीप बनवली, दुचाकीसारखी किक मारून सुरू होणारी. डिसेंबर २०२१ मध्ये आनंद महिंद्र यांनी तिचे कौतुक केले, पण नियमांत बसत नसल्याने अधिकारी आज ना उद्या ती थांबवतील, हेही त्यांनीच सांगितले. जानेवारी २०२२ मध्ये जीपच्या बदल्यात लोहार कुटुंबाला नवी बोलेरो मिळाली. प्रत्येक लोहाराला असा कद्रदान भेटत नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत मनमानी बदल चालत नाही, आणि नव्या बनावटीचे वाहन रस्त्यावर आणायचे तर पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेची चाचणी लागते. घरगुती कारीगराला हा खर्च झेपणारा नाही. म्हणून अशी गाडी दुकानासमोर, प्रदर्शनात, लग्नाच्या मंडपात उभी करण्यासाठी बनवावी आणि ट्रकवर लादून न्यावी. त्यातही धंदा आहे.

आता आमच्या पेढीवाल्या बंधूंना विनंती. ज्यांचे एमआयडीसीत शेड रिकामे पडून आहे, त्यांनी त्याचा एक कोपरा अशा मुलांना द्यावा. घराच्या पोर्चमध्ये रेझिनचा वास कोंडतो, आणि त्याच्या शेजारीच वेल्डिंग चालले तर आगीचा धोका असतो. शेडमध्ये हवा खेळती असते, आग विझवण्याचे साधन ठेवता येते आणि शेजारचा फिटर नजर ठेवू शकतो. आठवड्यातून एक दिवस जुन्या फिटरला किंवा आयटीआयच्या शिक्षकाला मेहनताना देऊन तेथे बसवावे. मास्क, चष्मा आणि हेल्मेटशिवाय कोणी यंत्र सुरू करणार नाही, हा तेथला नियम असावा. मुलाने नवी युक्ती काढली तर तिची नोंद त्याच्या नावावर व्हावी, शेडच्या मालकाच्या नव्हे.

लग्नसराईत एका रात्रीच्या रोषणाईवर आम्ही जो पैसा उडवतो, त्यात असा कोपरा वर्षभर चालेल. फुलसावंगीच्या मुलासाठी आता काही करता येणार नाही. तुमच्या गल्लीत आज कोणाच्या घरी पत्रा कापला जात असेल, तर तक्रार करण्यापूर्वी एकदा आत जाऊन पाहा आणि त्या मुलाला काय हवे ते विचारा.