सुरक्षेचा नियम हजेरीपटाला नव्हे, कामाला लागू झाला पाहिजे

रायपूरजवळील सिलतरा औद्योगिक क्षेत्रात, गोदावरी पॉवर अँड इस्पात या कारखान्यात २६ सप्टेंबर २०२५ रोजी सहा जणांचा बळी गेला व सहा जण जखमी झाले. त्या वेळी तेथे देखभालीचे काम चालू होते. ही बाब किरकोळ नाही. शेजारच्या भिलई पोलाद कारखान्यातील दोन मोठ्या दुर्घटना तिच्या जोडीला ठेवून पाहिल्या म्हणजे तिचे महत्त्व ध्यानात येते.

१२ जून २०१४ रोजी भिलईत पाण्याच्या पंपगृहात बिघाड झाला. पाण्याचा दाब उतरला आणि झोतभट्टीचा वायू पाण्याच्या वाहिनीतून उलटा आला. रंग नाही, वास नाही अशा कार्बन मोनॉक्साइडने सहा जणांचे प्राण घेतले. त्यांत दोन उपमहाव्यवस्थापक होते. ९ ऑक्टोबर २०१८ रोजी त्याच कारखान्यात कोक भट्टीच्या गॅसवाहिनीवर देखभालीचे ठरलेले काम चालू असताना आगीचा भडका उडाला व दहाहून अधिक जण दगावले. मृतांत अग्निशामक दलाचे कर्मचारीही होते. त्यानंतर मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यास पदावरून दूर करण्यात आले.

या तिन्ही घटनांतून एकच गोष्ट पुढे येते. यंत्र नेहमीच्या गतीने चालू असताना जो धोका आवरलेला असतो, तो बिघाड, दुरुस्ती वा साफसफाईच्या वेळी मोकळा होतो. पंपगृह हे एरवी पाण्याचे ठिकाण. परंतु दाब उतरताच ते वायूचे ठिकाण बनले. म्हणजेच धोका केवळ जागेत नसतो, तो त्या त्या वेळच्या कामात असतो. म्हणून नियमही त्या कामापाशी पोहोचला पाहिजे.

असा नियम कसा असतो, हे १९४८ च्या कारखाना अधिनियमाच्या कलम ३६ मध्ये पाहावयास मिळत असे. टाकी, खड्डा, नळ वा धुराडे यांत घातक वायू असण्याचा संभव असेल, तर तो काढून टाकण्याचे सर्व शक्य उपाय योजल्याखेरीज कोणालाही आत पाठविता येत नसे. त्यावरही, जाणकार व्यक्तीने स्वतः चाचणी घेऊन लेखी दाखला दिला पाहिजे. अन्यथा आत जाणाऱ्याजवळ श्वसनसाधन हवे, कमरेला पट्टा हवा, पट्ट्याला दोर हवा आणि दोराचे टोक बाहेर उभ्या असलेल्या माणसाच्या हाती हवे. आत उतरणारा कायम नोकरीतला आहे की ठेकेदाराचा, हा प्रश्न त्या कलमाने विचारला नाही.

आता तो अधिनियम राहिलेला नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता अंमलात आली आहे. तिच्यात कारखान्याच्या व्याख्येसाठी लागणारी कामगारसंख्या, वीज वापरणाऱ्या ठिकाणी १० वरून २० व वीज न वापरणाऱ्या ठिकाणी २० वरून ४० झाली. ठेका कामगारांविषयीच्या तरतुदींची मर्यादा २० वरून ५० वर गेली. सुरक्षा अधिकारी नेमण्याची सक्ती सामान्य कारखान्यात ५०० व धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यात २५० कामगारांपासून सुरू होते. सुरक्षेचे पुष्कळसे तपशील नियम व मानके यांवर सोपविले आहेत. डोकी मोजून कायदा लावावयाचा, ही दृष्टी येथे उघड दिसते. विषारी वायू मात्र हजेरीपट पाहून आत शिरत नाही.

ठेकेदारीत जबाबदारी कशी वाटली जाते, हे छत्तीसगढने पूर्वीच पाहिले आहे. २३ सप्टेंबर २००९ रोजी कोरबा येथे बाल्कोची बांधकामाधीन चिमणी कोसळली आणि सुमारे चाळीस कामगार ठार झाले. प्रकल्प एकाचा, कंत्राट दुसऱ्याचे, उपकंत्राट तिसऱ्याचे, आणि मरणारा मात्र रोजंदारीचा मजूर, अशी ही साखळी होय.

अपघात कामगाराच्या निष्काळजीपणामुळे होतात, असे मालकवर्ग नेहमी सांगतो. डोक्यावर टोप हवा हे कोणीही नाकारणार नाही. परंतु टोप घालून वायू अडत नाही. झडप बंद आहे काय, वाहिनी रिकामी झाली काय, चाचणी कोणी घेतली, हे ठरविण्याचा अधिकार ज्याच्या हाती, जबाबदारीही त्याचीच.

संहितेच्या कलम १४ अन्वये गंभीर धोक्याची रास्त भीती वाटल्यास कामगार ती मालकाच्या व त्याच वेळी निरीक्षकाच्या निदर्शनास आणू शकतो. पण निदर्शनास आणणे वेगळे आणि काम थांबविणे वेगळे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९८१ च्या १५५ क्रमांकाच्या करारात, प्राण धोक्यात असताना कामावरून दूर होणाऱ्या कामगारास संरक्षण देण्याचे तत्त्व मान्य झालेले आहे. आपल्या कायद्यातही ते निःसंदिग्ध शब्दांत आले पाहिजे.

सिलतरा असो, घुग्घुस असो की जालना, जेथे भट्टी आहे तेथे आपल्या साथींनी काही गोष्टींचा आग्रह धरावा. दुरुस्तीचे काम लेखी परवान्याविना सुरू होऊ नये. तो परवाना कामगारांना समजेल अशा भाषेत असावा व काम सुरू करण्यापूर्वी वाचून दाखविला जावा. सुरक्षा समितीत ठेका कामगारांचा प्रतिनिधी असावा. कलम ३६ मधील दाखला, पट्टा व दोर नव्या मानकांत जसेच्या तसे यावेत आणि एक माणूस आत उतरत असला तरीही लागू व्हावेत. वेतनाच्या मागण्यांच्या यादीत ही मागणी शेवटच्या ओळीत लिहिण्याची सवय आता सोडली पाहिजे. वेतन घ्यावयास कामगार जिवंत घरी परतला पाहिजे, ही पहिली अट आहे.