मार्गदर्शकाचे हात

यंत्रमानवांच्या शालेय स्पर्धांचा हंगाम जवळ आला, की आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत सायंकाळी उशिरापर्यंत दिवे जळत राहतात, आणि आपले अपत्य तेथे नेमके काय करते याची पुरती कल्पना नसलेले पालक दाराशी येऊन मला एकच प्रश्न करतात : “सर, यंदा नंबर येईल ना?” प्रश्न स्वाभाविक आहे, परंतु हा नंबर मार्गदर्शकाने मिळवून द्यावयाचा असतो, अशी जी समजूत त्याच्या मुळाशी असते, ती मला मान्य नाही.

ही स्पर्धा म्हणजे ‘फर्स्ट लेगो लीग’. अमेरिकन संशोधक डीन केमेन यांनी १९८९ मध्ये ‘फर्स्ट’ ही संस्था स्थापन केली आणि पुढे डेन्मार्कच्या लेगो कंपनीच्या सहकार्याने शाळकरी मुलांसाठी ही स्पर्धा उभी राहिली. आठ फूट लांब व चार फूट रुंद मेजावर चित्रांकित चटई अंथरलेली असते, तिच्यावर नाना प्रतिकृती मांडलेल्या असतात. आणि मुलांनी स्वतः जोडलेल्या व स्वतःच्या आज्ञावलीवर चालणाऱ्या यंत्राने अडीच मिनिटांत त्यांतील जितकी कामे तडीस नेता येतील, तितकी न्यावयाची. मेजापाशी एका वेळी मोजकीच मुले उभी राहतात आणि मार्गदर्शकाने दूर थांबावयाचे असते. शिवाय यंत्राची रचना, एखाद्या लोकोपयोगी प्रश्नावरचा मुलांचा प्रकल्प आणि त्यांचे परस्परांशी वर्तन यांचाही हिशेब परीक्षक मेजावरच्या गुणांइतक्याच काटेकोरपणे मांडतात.

चटईवरच्या काळ्या रेषेच्या कडेने यंत्र चालविणे हा या विद्येतील प्राथमिक पाठ. यंत्राच्या पोटाखालचा रंगसंवेदक खाली प्रकाश टाकतो आणि परत येणारा प्रकाश मोजतो. काळ्यावर आकडा लहान, पांढऱ्यावर मोठा, आणि दोहोंच्या मध्यावर जो आकडा येतो, तो राखीत चालले की यंत्र कड सोडत नाही. आमच्या चमूचे यंत्र सकाळी ही वाट बिनचूक चाले आणि दुपार कलली की त्याच वळणावर भरकटे. मुलांनी चाके पुसली, विद्युत्घट पुन्हा भारून घेतला, आज्ञावलीतील वेग कमी केला. काहीच लागू पडेना. पश्चिमेच्या खिडकीतून तिरपे ऊन चटईवर येते, हे मला दिसत होते. तरी मी गप्प राहिलो. अखेर सातवीतल्या एका मुलीने वहीचा पुठ्ठा यंत्राच्या कडेला धरला आणि पडद्यावरचा आकडा झर्रकन उतरलेला तिने पाहिला. “सर, खिडकी लावून घेऊ का?” असे एका मुलाने लगेच विचारले, त्यावर ती म्हणाली, “आणि तिकडच्या हॉलची खिडकी कोण लावणार?” मग दोघांनी मिळून संवेदकाभोवती काळ्या ठोकळ्यांचे कुंपण बांधले, आणि प्रत्येक फेरीपूर्वी काळ्यापांढऱ्याचे आकडे नव्याने घेण्याची तजवीज आज्ञावलीत केली. मी पहिल्याच दिवशी बोट दाखविले असते तर यंत्र त्याच दिवशी सरळ चालले असते. पण तिकडच्या खिडकीचा विचार कोणाला सुचला नसता.

तयार यंत्र आणि तयार आज्ञावली मुलांच्या हाती देणारे शिकवणीवर्ग आता निघाले आहेत, आणि ऐपत असलेले पालक मोठ्या हौसेने ती विकत घेतात. परीक्षकांनी “हा आकडा येथे का घातला?” असे विचारले, की अशा चमूतील मुले एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतात. त्या मुलांचा मला राग येत नाही, कणव येते. कारण चुकण्याचा त्यांचा हक्कच पैसे मोजून काढून घेतलेला असतो.

हाच प्रकार दुसऱ्या टोकालाही आढळतो. नीती आयोगाच्या ‘अटल इनोव्हेशन मिशन’ने २०१६ पासून शाळाशाळांतून ‘अटल टिंकरिंग लॅब’ उभारण्यासाठी वीस लाख रुपयांपर्यंत अनुदान देण्याची योजना आखली, ही फार मोलाची गोष्ट होय. परंतु सरकारी पैशाने आलेली प्रत्येक वस्तू जडसंग्रह नोंदवहीत रुजू होते, तिच्या मोडतोडीचा जाब कोणाला तरी द्यावा लागतो, आणि म्हणून ती कुलपात ठेवणे सर्वांत बिनधोक ठरते. शिक्षकाचे भय मी समजू शकतो. पण मुलांनी उघडलेली, झिजविलेली आणि प्रसंगी जाळलेली मोटर ही शाळेची नुकसानी नव्हे, तो शिक्षणाचा रीतसर खर्च आहे, असा स्पष्ट हुकूम वरून निघाल्याखेरीज ती कुलपे उघडणार नाहीत.

पालकांना माझी विनंती इतकीच आहे, की त्यांनी सवडीने प्रयोगशाळेत यावे, खुशाल तासभर बसावे आणि आपल्या मुलाला अगर मुलीला यंत्र कसे चालते ते समजावून सांगावयास लावावे. मध्येच मूल अडखळले, तर कृपा करून उत्तर सुचवू नये.